प्लिंकवर जनुकीय डेटा तपासताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

प्लिंक हे जनुकीय डेटा तपासण्याचं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या टिपणांत एक ओळ हमखास सापडते: जिनो ०.०२, माइंड ०.०२, माफ ०.०५, एचडब्ल्यूई १ई-६ (या चार गाळण्यांचा अर्थ तिसऱ्या आणि सातव्या पायरीवर येईल). ती टर्मिनलवर चिकटवली की अर्ध्या मिनिटात नवी फाइल तयार होते. डेटा साफ झाला असं समजून विद्यार्थी लगेच निकालाकडे वळतात. नाशिकमध्ये बसून सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातल्या सॅम्पलवर काम करणाऱ्यांचं बरंचसं नुकसान इथेच होतं. ते आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लोकांच्या डेटावर रुळले आहेत. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, एका पाड्यावरची निम्मी घरं एकमेकांची भावकी असतात, जमातीबाहेर सोयरीक क्वचित होते. अशा डेटावर तीच ओळ चालवली की चांगली माणसं बाहेर फेकली जातात आणि ज्या एसएनपीसाठी (डीएनएतली एका अक्षराच्या फरकाची जागा) अभ्यास उभा केला तोच पुसला जातो.

उदाहरणासाठी इथे शेवटपर्यंत एकच अभ्यास धरला आहे. सिकलसेलच्या रुग्णांपैकी काहींच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, जास्त टिकून राहतं आणि त्यांना त्रास कमी होतो. हा फरक कोणत्या जनुकीय जागांमुळे पडतो ते शोधायचं आहे. सॅम्पलमध्ये एसएस रुग्ण (सिकलचं जनुक आई-वडील दोघांकडून आलेले) आहेत, शिवाय त्यांच्या घरातले एएस वाहक (ते एकाकडूनच आलेले) आणि निरोगी एए माणसंही आहेत. तुमचा विषय मधुमेह असो वा आणखी काही, पायऱ्यांचा क्रम हाच राहतो.

आज्ञा आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत द्यायचे, पर्यायाच्या आधी दोन आडव्या रेषा.

## ० : यंत्र आणि साधनं

महागडा सर्व्हर नसल्यामुळे काम अडलं असं सांगणारे बरेच भेटतात. बेड फाइलमध्ये एका माणसाचा एका एसएनपीचा जीनोटाइप (त्या जागेवरची दोन अक्षरं) फक्त दोन बिट जागा घेतो. ६,५०,००० एसएनपींची चिप आणि १,००० माणसं धरली तर फाइल साधारण १६० एमबीची होते. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर इम्प्युटेशन (न मोजलेले जीनोटाइप संदर्भ डेटावरून अंदाजाने भरणं) सोडून सगळं होतं. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल टाकून उबुंटू घ्या.

एवढी साधनं पुरतात:

- प्लिंक १.९ : मुख्य तपासणीसाठी. १.०७ ही जुनी आवृत्ती कुणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका.
- प्लिंक २ : पीसीए (माणसांमधलं जनुकीय अंतर मोजक्या अक्षांवर मांडणं), नात्यांची छाननी आणि संदर्भ अॅलील (एसएनपीच्या जागेवरच्या पर्यायी अक्षरांपैकी संदर्भ जीनोममधलं अक्षर) जपण्यासाठी.
- किंग : नातेसंबंध मोजण्यासाठी.
- जेमा किंवा जीसीटीए : नातेवाईक असलेल्या सॅम्पलवर मिश्र प्रारूप चालवण्यासाठी.
- बीसीएफटूल्स : व्हीसीएफ फाइल हाताळण्यासाठी.
- आर : प्लॉटसाठी. प्लॉट टाळून ही तपासणी होत नाही.

बोल्ट-एलएमएम नावाजलेलं साधन आहे, पण ते ५,००० हून मोठ्या सॅम्पलसाठी सुचवलं जातं. प्रबंधाच्या दोन-तीनशे माणसांना जेमा बरं.

सावधान: प्लिंक प्रत्येक वेळी लॉग फाइल लिहितो. आउट पर्यायात नवं नाव दिलं नाही तर आधीचा लॉग पुसला जातो. प्रत्येक पायरीच्या फाइलला पायरीच्या आकड्याने सुरू होणारं नाव द्या आणि कच्ची फाइल लिहिता येणार नाही अशी बंद करून ठेवा.

## १ : रजिस्टर आणि नोंदी

अर्धी लढाई इथेच आहे. चिपचा डेटा हातात आल्यावर जे विचारावंसं वाटतं ते शिबिराच्या दिवशीच विचारलेलं असावं लागतं. पावसाळ्यात घाट उतरून पुन्हा त्याच पाड्यावर जाणं सोपं नसतं.

प्रत्येक माणसामागे ही माहिती हवी: गाव आणि पाडा, जमात (कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल, जी ते स्वतः सांगतील ती), आई-वडिलांचं लग्नाआधीचं नातं, घरातलं आणखी कुणी अभ्यासात आहे का. नात्याचा प्रश्न "नात्यात लग्न झालंय का?" असा ठेवला की उत्तर "नाही" येतं. मामाची मुलगी कुणी नातं म्हणून मोजत नाही, ती सोयरीकच असते. "आईचं माहेर कुठलं, वडिलांची ती आधी कोण लागत होती" असं विचारा. आशाताई सोबत असतील तर त्यांना बहुतेक घरांची नाती तोंडपाठ असतात. संमतीपत्र मराठीत असलं तरी ते माणसाला त्याच्या बोलीत समजावून सांगायला कुणीतरी हवं.

एचबीएफसाठी आणखी तीन नोंदी लागतात. वय: पाच वर्षांखालच्या मुलांत एचबीएफ मुळातच जास्त असू शकतं. हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे का: हे औषध एचबीएफ वाढवतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं आहे का: चढवलेल्या रक्तामुळे मोजमाप बिघडतं. यातली एक नोंद राहिली तर नंतर कोणतंही सॉफ्टवेअर ती भरून देऊ शकत नाही.

आता ओळख क्रमांक. चुकांचं सर्वात मोठं कोठार हेच.

- रजिस्टरमध्ये मराठी आकडे, चिपच्या फाइलमध्ये इंग्रजी आकडे. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे आहेत. क्रमांक पहिल्यापासून रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकड्यांत ठेवा.
- "पेठ १२" अशी मधली मोकळी जागा. प्लिंक मोकळ्या जागेवर रकाने तोडतो, त्यामुळे पुढचे सगळे रकाने एकाने सरकतात.
- एक्सेल "१२-५" या क्रमांकाची तारीख करून टाकतो आणि "००७" मधली शून्यं खातो. रकाना आधीच टेक्स्ट म्हणून ठरवा.
- विंडोजवर साठवलेल्या टेक्स्ट फाइलच्या ओळीअखेरीस एक अदृश्य चिन्ह राहतं. लिनक्सवर नेल्याबरोबर डॉसटूयुनिक्स चालवा.

प्लेट भरताना एक नियम पाळा: ९६ खणांच्या एका प्लेटवर सगळं सुरगाणा आणि दुसरीवर सगळं पेठ असं कधीही करू नका. रुग्ण एका प्लेटवर आणि निरोगी दुसरीवर हेही नको. प्लेटमुळे येणारा फरक आणि माणसांमधला खरा फरक मग वेगळे काढता येत नाहीत. नावं मिसळून भरा आणि प्लेट व खण क्रमांक नोंदवा.

तपासा: रजिस्टरमधली आणि फॅम फाइलमधली (प्लिंकची माणसांची यादी) माणसं मोजा. आकडा जुळला तरी थांबू नका, दोन्ही याद्या क्रमांकानुसार लावून एकेक ओळ जुळवा.

## २ : फाइल उघडल्यावर

फॅम फाइलमध्ये सहा रकाने असतात: कुटुंब, व्यक्ती, वडील, आई, लिंग, फीनोटाइप (अभ्यासायचं लक्षण). लिंग १ म्हणजे पुरुष, २ म्हणजे स्त्री. रुग्ण-निरोगी अभ्यासात १ म्हणजे निरोगी आणि २ म्हणजे रुग्ण. संख्याशास्त्राच्या वर्गात ० आणि १ शिकलेले विद्यार्थी इथे घसरतात. प्लिंक १.९ साठी ० म्हणजे "माहिती नाही". त्यामुळे निरोगी सगळे गायब होतात आणि रुग्ण निरोगी ठरतात. लॉगमध्ये किती केसेस आणि किती कंट्रोल्स सापडले ती ओळ येते. ती वाचली तर ही चूक दहा सेकंदांत पकडली जाते.

आई-वडिलांचे रकाने भरले असतील तर लक्षात ठेवा: प्लिंक वारंवारिता आणि हार्डी-वाइनबर्ग (जीनोटाइप अपेक्षित प्रमाणात आहेत का ते बघणारी चाचणी) फक्त मूळ पिढीवरून काढतो. आई-वडील डेटात नसले तरी रकाना भरलेला असला की ते मूल मोजलं जात नाही. मेकफाउंडर्स हा पर्याय त्यासाठी आहे.

पुढचा प्रश्न जीनोमच्या आवृत्तीचा: जीआरसीएच ३७ की ३८? प्रयोगशाळेने सांगितलं त्यावर न थांबता एखादा ओळखीचा एसएनपी शोधून जागा बघा. आपल्याकडे त्यासाठी उत्तम खूण आहे, सिकलसेलचा स्वतःचा एसएनपी आरएस३३४. तो ११ व्या गुणसूत्रावर, ३७ मध्ये ५२४८२३२ या जागी आणि ३८ मध्ये ५२२७००२ या जागी येतो. चिपवर तो नसेल तर दुसरा कोणताही ओळखीचा एसएनपी चालेल.

आरएस३३४ वर जरा थांबू, कारण यात तीन सापळे एकत्र आहेत.

पहिला सापळा धाग्याचा. पुस्तकात सिकलसेलचा बदल जीएजीचा जीटीजी असा शिकवतात, म्हणजे ए चा टी. पण बीटा ग्लोबिनचं जनुक उलट्या धाग्यावर वाचलं जातं. जीनोमच्या सरळ धाग्यावर तोच बदल टी चा ए असा दिसतो. ए आणि टी एकमेकांचे जोडीदार असल्यामुळे धागा उलटला तरी फाइलमध्ये अक्षरं ए आणि टी हीच राहतात. जी-ए सारख्या एसएनपीत धागा उलटला की सी-टी दिसतं आणि चूक लगेच उघडी पडते. इथे तसं होत नाही. म्हणून अक्षरांवर विसंबू नका, एचपीएलसीचा (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी) अहवाल शेजारी ठेवा. सरळ धाग्याच्या फाइलमध्ये एसएस रुग्ण ए-ए दिसले पाहिजेत आणि निरोगी टी-टी. उलट दिसत असेल तर धागा उलटलेला आहे.

दुसरा सापळा: बरीच टिपणं ए-टी आणि सी-जी जातीचे सगळे एसएनपी सरसकट काढून टाका म्हणतात. दोन डेटा जोडताना सल्ला रास्त आहे. सिकलसेलच्या अभ्यासात मात्र त्याने मूळ एसएनपीच जातो. काढण्याआधी तो वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा.

तिसरा सापळा सातव्या पायरीवर येईल.

याच एसएनपीचा एक मोठा उपयोगही आहे. प्रत्येक माणसाचा एचपीएलसी निकाल आणि आरएस३३४ चा जीनोटाइप शेजारी-शेजारी लावा. नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर ती इथे दिसते. एक अपवाद ध्यानात असू द्या: सिकल-बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णाचं एचपीएलसी एसएससारखं दिसू शकतं, पण आरएस३३४ वर तो ए-टी असतो. अशा माणसाला "सॅम्पल बदललं" म्हणून काढू नका. त्याचा थॅलेसेमियाचा बदल तपासा आणि विश्लेषणात त्याचा गट वेगळा ठेवा.

## ३ : आधी एसएनपी, मग माणसं

गहाळ जीनोटाइपची छाननी दोन दिशांनी होते. जिनो पर्याय बिघडलेले एसएनपी काढतो, माइंड पर्याय बिघडलेली सॅम्पलं. क्रम बदलला तर निकाल बदलतो.

समजा ६,५०,००० पैकी ३ टक्के, म्हणजे १९,५०० एसएनपी चिपवरच नीट चालले नाहीत. ते प्रत्येक माणसात रिकामे आहेत. मग प्रत्येकाचं गहाळ प्रमाण किमान ३ टक्के. माइंड ०.०२ आधी लागलं तर अभ्यासात एकही माणूस उरत नाही, आणि दोष मात्र त्यांच्यापैकी कुणाचाच नव्हता.

सावधान: दोन्ही पर्याय एकाच आज्ञेत लिहिले तर तुम्ही जिनो आधी लिहिलंत की माइंड, याने काही फरक पडत नाही. प्लिंक १.९ चा अंतर्गत क्रम ठरलेला आहे आणि त्यात माइंड आधी येतं. म्हणूनच ती एका ओळीची प्रसिद्ध आज्ञा धोकादायक आहे. प्रत्येक गाळणी वेगळ्या आज्ञेत चालवा.

माझा क्रम असा:

१. मिसिंग पर्यायाने दोन्ही तक्ते काढा आणि आरमध्ये हिस्टोग्राम बघा. अजून काहीही गाळू नका.
२. जिनो ०.१
३. माइंड ०.१
४. जिनो ०.०२
५. माइंड ०.०३ किंवा ०.०५, हिस्टोग्राममध्ये दरी कुठे दिसते त्यावर.

शेवटचा आकडा मी मुद्दाम मोकळा सोडला आहे. शिबिरातून आलेलं रक्त उन्हात, गाडीत, शीतपेटीत किती वेळ होतं त्यावर डीएनए कसा निघतो ते ठरतं. एखाद्या तालुक्याची सगळी सॅम्पलं ०.०२५ ला अडकत असतील तर ०.०२ चा आकडा लावून तो तालुकाच अभ्यासातून हद्दपार होतो.

तपासा: काढलेल्या माणसांची यादी गाव, जमात आणि प्लेटनुसार मोजा. सगळी एकाच प्लेटवरची असतील तर प्रयोगशाळेला कळवा.

## ४ : लिंग जुळवणं

चेकसेक्स हा पर्याय एक्स गुणसूत्रावरून लिंग ताडून पाहतो. आधी स्प्लिटएक्स चालवून एक्स-वाय सामायिक भाग वेगळा करा. हे राहिलं तर बरेच पुरुष संशयित ठरतात. एफ (अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे दोन्ही प्रती एकसारख्या असण्याचं अपेक्षेपेक्षा जास्तीचं प्रमाण) हा आकडा ०.८ च्या वर असेल तर पुरुष, ०.२ च्या खाली असेल तर स्त्री, मधले सगळे "प्रॉब्लेम".

आपल्याकडे या मधल्या पट्ट्यात मुली सापडतात, आणि त्याला कारण आहे. मामाच्या मुलीशी लग्न केलेल्या पुरुषाच्या मुलीत एक्सवरचा अंतःप्रजनन गुणांक सरासरी १/८, म्हणजे ०.१२५ येतो, तिच्या बाकीच्या गुणसूत्रांवर तो १/१६ असतो. सरासरी ०.१२५ म्हणजे काही मुली सहज ०.२ ओलांडणार. लग्न आत्याच्या मुलीशी झालं असेल तर एक्सवरचा हाच गुणांक शून्य येतो, कारण त्या पुरुषाचा एक्स त्याच्या आईकडून आलेला असतो, आणि आत्या त्याच्या वडिलांकडची असल्यामुळे दुवा वडिलांपाशीच तुटतो; कागदावर वंशावळ काढून बघा. त्यामुळे पहिल्या पायरीत नोंदवलेलं नातं इथे उपयोगी पडतं.

म्हणून ०.२ ते ०.५ मधल्या स्त्रियांना बाहेर काढण्याआधी वायकाउंट जोडून वाय गुणसूत्राचे जीनोटाइप मोजा. वायवर काही नसेल तर ती स्त्रीच आहे. वगळायची ती माणसं, ज्यांचं नोंदलेलं लिंग आणि जीनोटाइप उघडपणे उलटे आहेत. त्यांच्याबाबतीतही आधी रजिस्टर बघा. लिंगाची खूण चुकीच्या चौकटीत पडलेली असणं ही सर्वात साधी शक्यता. शेजारच्या खणातली दोन माणसं एकदमच उलटी निघाली तर नळ्या बदलल्या आहेत.

## ५ : नाती आणि हेटेरोझायगोसिटी

या पायरीसाठी दोन वेगळ्या फाइली लागतात, आणि त्यांची सरमिसळ फार होते.

पीसीए आणि हेटेरोझायगोसिटीसाठी (दोन प्रतींत वेगळी अक्षरं असण्याचं प्रमाण) छाटलेली फाइल, म्हणजे एकमेकांशी जोडलेले एसएनपी कमी केलेली: इंडेप-पेअरवाइज ५० ५ ०.२. छाटणीआधी लांब पल्ल्याचे जोडलेले भाग काढा, विशेषतः ६ व्या गुणसूत्रावरचा एचएलएचा पट्टा (३७ मध्ये साधारण २५ ते ३५ मेगाबेस) आणि ८ व्यावरचा उलटलेला भाग (साधारण ७ ते १३ मेगाबेस). ११ व्यावरचा बीटा ग्लोबिनचा परिसरही इथे काढून ठेवा. एसएस रुग्ण त्या भागात एकमेकांसारखे असणारच.

किंगसाठी मात्र न छाटलेली फाइल द्या. किंगला जितके चांगले एसएनपी मिळतील तितका त्याचा अंदाज पक्का.

प्लिंकच्या जीनोम पर्यायातून मिळणारा पायहॅट इथे वापरू नका. तो सगळी माणसं एकाच मिसळलेल्या समूहातली आहेत असं गृहीत धरतो. सुरगाण्यातली आणि नाशिक शहरातली माणसं एकत्र असली की एकाच जमातीतली अनोळखी माणसंही त्याला चुलत भावंडं वाटतात. किंगचा अंदाज समूहांच्या फरकाने सहसा ढळत नाही. त्याचे आकडे असे वाचा: ०.३५४ च्या वर म्हणजे जुळे किंवा एकच सॅम्पल दोनदा, ०.१७७ ते ०.३५४ म्हणजे आई-वडील-मूल किंवा सख्खी भावंडं, ०.०८८४ ते ०.१७७ म्हणजे दुसऱ्या दर्जाचं नातं, ०.०४४२ ते ०.०८८४ म्हणजे तिसऱ्या.

दोनदा आलेलं सॅम्पल काढा. भावंडं काढू नका. सिकलसेलच्या घरात दोन-दोन मुलं रुग्ण असतात आणि प्रत्येक रुग्णाची माहिती मोलाची आहे. मिश्र प्रारूप नाती सांभाळून घेतं, त्यासाठीच जेमा यादीत आहे.

हेटेरोझायगोसिटीवर टिपणं सांगतात: सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडची माणसं काढा. दोन टोकांचा अर्थ मात्र एक नाही. हेटेरोझायगोसिटी फार जास्त असेल तर दोन माणसांचा डीएनए मिसळला असण्याची शक्यता मोठी. असं सॅम्पल काढायचं. फार कमी असेल तर आई-वडील जवळचे नातेवाईक असू शकतात. मामे-आते भावंडांच्या मुलांत एफ सरासरी ०.०६२५ असतो आणि तो काही दोष नाही. होमोझिग पर्यायाने एकसारखे पट्टे काढून बघा. लांब, सलग पट्टे दिसले तर माणूस खरा आहे, तो ठेवा. पट्टे नसताना हेटेरोझायगोसिटी कमी आणि गहाळ प्रमाण जास्त असेल तर डीएनए खराब आहे.

सावधान: वेगवेगळ्या जमाती एकत्र ठेवून हा आकडा काढला तर सगळ्यांचाच एफ फुगतो. गटागटाने काढा.

## ६ : पीसीए बघणं

नातेवाईक नसलेल्यांवर पीसीए काढा आणि बाकीच्यांना त्या अक्षांवर प्रक्षेपित करा. सगळ्यांना एकत्र टाकलं तर पहिले अक्ष एखाद्या मोठ्या कुटुंबाचंच चित्र काढतात.

तोच प्लॉट तीनदा रंगवा: जमातीनुसार, तालुक्यानुसार, प्लेटनुसार. पहिल्या दोन चित्रांत गट दिसणं स्वाभाविक आहे. प्लेटच्या चित्रात गट दिसले तर पुढे जाऊ नका, तिसऱ्या पायरीवर परत या.

जगातल्या समूहांशी ताडून पाहण्यासाठी १,००० जीनोम्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याची २,५०४ माणसं घेतात. त्यात दक्षिण आशियाई ४८९ आहेत: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकी तमिळ. मराठी समूह नाही, सह्याद्रीतल्या जमाती नाहीत. त्यामुळे तुमची माणसं त्या ठिपक्यांपासून थोडी बाजूला पडली तर "आउटलायर" म्हणून त्यांना गाळणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे. या पायरीवर गाळायचा तो माणूस, जो स्वतः सांगितलेल्या समूहापासून फार दूर पडतो आणि ज्याच्या नळीबद्दल आधीच शंका आहे.

## ७ : हार्डी-वाइनबर्ग आणि माफ, सर्वात शेवटी

आता तिसरा सापळा. एसएस रुग्ण शोधून-शोधून गोळा केले, सोबत त्यांचे वाहक आई-वडील घेतले, तर आरएस३३४ हार्डी-वाइनबर्गमध्ये बसणारच नाही. आपण माणसांची निवडच तशी केली आहे. एचडब्ल्यूई १ई-६ (याच चाचणीची गाळणी) त्याला पहिल्या झटक्यात काढेल. आणि फक्त एसएस रुग्णांची फाइल केली तर सगळेच ए-ए, मग माफ गाळणी (ज्यांचा कमी आढळणारा अॅलील फारच दुर्मिळ आहे ते एसएनपी काढणारी) त्याला काढेल. दोन्ही वेळा सॉफ्टवेअर बरोबर आहे. चूक गाळणी कुठे लावली यात आहे.

एवढं करा:

- ही चाचणी एका जमातीच्या, नातेवाईक नसलेल्या माणसांवर चालवा. जमाती मिसळल्या की हेटेरोझायगोट कमी दिसतात आणि निर्दोष एसएनपी नापास होतात.
- त्या गटात नापास झालेल्यांची यादी करा आणि तीच यादी पूर्ण फाइलमधून वगळा.
- रुग्ण-निरोगी अभ्यासात प्लिंक १.९ आपणहून फक्त कंट्रोल्स बघतो. एचबीएफसारख्या मोजमापात तो सगळ्यांना बघतो. हा फरक विसरू नका.
- आरएस३३४ आणि बीटा ग्लोबिनचा परिसर या गाळणीतून बाहेर ठेवा.

माफचा आकडा सॅम्पल बघून ठरवा. ३०० माणसांत माफ ०.०१ म्हणजे त्या अॅलीलच्या अवघ्या सहा प्रती. त्यावर काढलेला पी-आकडा एका कुटुंबाने हलू शकतो. मी किमान वीस प्रती मागतो. ३०० माणसांसाठी ते सुमारे ०.०३३ येतं.

## ८ : इम्प्युटेशन

तांत्रिक भाग थोडा आहे: धागा जुळवा, संदर्भ अॅलील पक्का करा (प्लिंक १.९ मध्ये कीप-अॅलील-ऑर्डर दिलं नाही तर तो कमी वारंवारितेचा अॅलील पुढे आणून क्रम बदलतो), गुणसूत्रानुसार व्हीसीएफ करा, बीसीएफटूल्सने तपासा.

खरा प्रश्न परवानगीचा. मिशिगन इम्प्युटेशन सर्व्हर आणि टॉपमेडचा सर्व्हर परदेशात आहेत. तिथे फाइल चढवणं म्हणजे सुरगाण्यातल्या माणसाचा जनुकीय डेटा देशाबाहेर पाठवणं. संमतीपत्रात ते लिहिलं आहे का, आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काय मंजुरी लागते, हे नैतिकता समितीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर आल्यावरच पुढे जा. उत्तर नकारार्थी असेल तर बीगल किंवा मिनिमॅक४ आपल्याच संस्थेच्या यंत्रावर चालवता येतं. वेळ लागतो, पण डेटा इथेच राहतो. नाव काढून टाकलं की झालं, असं समजू नका. जनुकीय डेटा हीच ओळख असते.

## ९ : संबंध तपासणं आणि निकाल वाचणं

जेमासाठी फीनोटाइप फॅम फाइलच्या सहाव्या रकान्यातून जातो. एचबीएफचं वितरण एका बाजूला लांबलेलं असतं, त्यामुळे आधी लॉग किंवा श्रेणीवर आधारित रूपांतर करा. इथे फक्त एसएस रुग्ण घ्या. सहचरांमध्ये (प्रारूपात सोबत धरायचे घटक) वय, लिंग, हायड्रॉक्सीयुरिया, प्लेट आणि पहिले काही पीसी.

सावधान: जेमाच्या सहचर फाइलमध्ये नावं नसतात. माणसांचा क्रम फॅम फाइलचाच असावा लागतो, आणि पहिला रकाना सगळा १ असा लिहावा लागतो. क्रम चुकला तरी जेमा तक्रार करत नाही. एकाचं वय दुसऱ्याला लागतं आणि निकाल छापून येतो.

प्लिंकचं लॉजिस्टिक किंवा लिनिअर वापरत असाल तर हाइडकोव्हार जोडा. नाहीतर प्रत्येक एसएनपीमागे वयाची, लिंगाची, पीसीची वेगळी ओळ येते. पी-आकड्याने क्रम लावला की वयाच्या ओळी वर येतात आणि त्यांनाच एसएनपीचा निकाल समजून तक्ता भरला जातो.

मग तीन गोष्टी याच क्रमाने बघा.

क्यूक्यू प्लॉट (अपेक्षित आणि मिळालेले पी-आकडे समोरासमोर मांडणारा). ठिपके सुरुवातीपासूनच रेषेवरून उचलले असतील आणि लॅम्डा (निकाल एकूण किती फुगले आहेत ते सांगणारा आकडा) १.०५ च्या बराच वर असेल तर समूहरचना किंवा नाती नीट सांभाळली गेली नाहीत. ठिपके फक्त शेवटी उचलले असतील तर आशा ठेवा.

ओळखीच्या जागा. २ ऱ्या गुणसूत्रावरचं बीसीएल११ए आणि ६ व्यावरचा एचबीएस१एल-एमवायबीचा भाग एचबीएफशी जोडलेले आहेत हे पक्कं माहीत आहे. सॅम्पल लहान असल्यामुळे ते ५ई-८ ची मर्यादा गाठणार नाहीत कदाचित, पण परिणामाची दिशा बरोबर यायला हवी. ती उलट आली तर नवं काही सापडल्याचा आनंद बाजूला ठेवा आणि अॅलीलची सांकेतिक मांडणी तपासा.

सर्वात वरच्या एसएनपींचे कच्चे क्लस्टर प्लॉट. तीन जीनोटाइपचे तीन ढग स्पष्ट वेगळे दिसत नसतील तर तो एसएनपी निकालातून काढा, पी-आकडा कितीही लहान असला तरी.

निकालाच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला एसएनपीचं नाव, गुणसूत्र, जागा, जीनोमची आवृत्ती, परिणाम मोजलेला अॅलील, दुसरा अॅलील, वारंवारिता, बीटा, प्रमाण त्रुटी, पी-आकडा आणि माणसांची संख्या असावी. सोबत प्रत्येक पायरीला किती एसएनपी आणि किती माणसं गळली याचा तक्ता लॉगवरून करा, गळलेली माणसं जमातीनुसार मोजून. बीसीएल११ए च्या ओळीत तुमचा परिणाम अॅलील आणि प्रसिद्ध निबंधांतला अॅलील एकच आहे ना, हे जुळवून झाल्यावरच तक्ता मार्गदर्शकांकडे पाठवा.